'लिटल बर्लिन' : पन्नास माणसांच्या गावातही भिंत का बांधावी लागली?

बर्लिनची भिंत माहीत नाही असा माणूस विरळाच. पण त्याच काळात जर्मनीतल्या एका खेड्याच्या मधोमध तशीच काँक्रीटची भिंत उभी होती, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्या खेड्याचं नाव म्योडलारॉइट. लोकसंख्या जेमतेम पन्नासच्या आसपास. भिंतीमुळे अमेरिकी सैनिकांनी या गावाला नाव ठेवलं 'लिटल बर्लिन', आणि ते आजतागायत टिकलं.

आता तुम्ही म्हणाल, बर्लिन राजधानीचं शहर होतं, तिथं महासत्तांचा पेच होता. पण चार गोठे आणि दोन रस्ते असलेल्या गावात भिंत कशासाठी? उत्तर एका ओढ्यात आहे.

हॉफ नावाच्या शहरापासून थोड्याच अंतरावर, टेकड्यांच्या आणि शेतांच्या प्रदेशात हे गाव वसलंय. नावातलं 'रॉइट' म्हणजे जंगल तोडून मोकळी केलेली जमीन. वाग्नरच्या संगीत महोत्सवासाठी प्रसिद्ध असलेल्या बायरॉइट शहराच्या नावातही हेच 'रॉइट' आहे. गावाच्या मधून टानबाख नावाचा ओढा वाहतो. ओढा इतका लहान की पावसाळा नसेल तर उडी मारून पार करता यावा.

१८१० मध्ये हॉफच्या आसपासचा मुलूख बव्हेरियाच्या राज्याकडे गेला. पलीकडे रॉइस घराण्याचं छोटं संस्थान होतं. दोघांची हद्द म्हणून हा ओढा ठरला आणि काठावर दगड रोवले गेले. एका बाजूला बव्हेरियाची अक्षरं, दुसऱ्या बाजूला रॉइसची. १९२० मध्ये रॉइसचा भाग नव्याने बनलेल्या थुरिंगिया राज्यात गेला, हद्द मात्र तीच राहिली.

गावकऱ्यांना याचं काहीच वाटत नव्हतं. शाळा आणि गुत्ता थुरिंगियाच्या बाजूला होते, तर प्रार्थनेसाठी सगळे बव्हेरियातल्या ट्योपेनच्या चर्चमध्ये जायचे. कर कुठं भरायचा एवढाच काय तो फरक. सोयरिकी, शेतं, भांडणं, सगळं ओढ्याच्या अलीकडे-पलीकडे चालायचं.

मग दुसरं महायुद्ध आलं. जर्मनी हरली तर तिचे भाग कसे पाडायचे, हे दोस्त राष्ट्रांनी १९४४ मध्येच लंडनमध्ये ठरवून ठेवलं होतं. नव्या रेषा आखण्यापेक्षा जुन्या राज्यांच्या हद्दीच वापरणं त्यांना सोपं वाटलं. नकाशावर ते सोपंच होतं. थुरिंगिया रशियाकडे, बव्हेरिया अमेरिकेकडे. कुणाच्या लक्षातही न राहिलेला टानबाख ओढा अशा रीतीने दोन महासत्तांमधली सीमा झाला. १९४९ मध्ये दोन जर्मनी स्थापन झाल्या आणि एका गावात दोन देश आले.

सुरुवातीची काही वर्षं ये-जा चालू होती. खरा घाव बसला तो मे १९५२ मध्ये. पूर्व जर्मनीने पश्चिमेकडची सगळी सीमा बंद केली. सीमेलगत १० मीटरची जमीन नांगरून मोकळी ठेवायची, म्हणजे पावलं उमटतील. त्यामागे ५०० मीटरचा कडक पहाऱ्याचा पट्टा, आणि एकूण ५ किलोमीटरपर्यंत परवान्याशिवाय कुणी यायचं नाही. ज्यांच्यावर सरकारचा भरवसा नव्हता, अशा सीमेजवळच्या कुटुंबांना घरातून उचलून देशाच्या आतल्या भागात हलवण्यात आलं. थुरिंगियात या मोहिमेचं सांकेतिक नाव होतं 'उंगेत्सिफर'. अर्थ, किडे-उवांसारखा उपद्रव! आपल्याच नागरिकांसाठी सरकारने निवडलेला हा शब्द बरंच काही सांगून जातो.

म्योडलारॉइटमध्ये आधी लाकडी फळ्यांचं कुंपण आलं, नंतर काटेरी तारा. १९६६ मध्ये तीन मीटरहून उंच आणि सुमारे ७०० मीटर लांब काँक्रीटची भिंत उभी राहिली. दोन्ही जर्मनींमधली सीमा जवळपास १,४०० किलोमीटरची होती, पण बहुतेक ठिकाणी जाळीचं कुंपण होतं. गावात मात्र भिंतच हवी होती, कारण घरं समोरासमोर होती आणि नुसत्या जाळीतून माणसं एकमेकांना दिसली असती.

त्यातही दोन बाजूंना वेगळे नियम. पश्चिमेकडचे लोक आणि पर्यटक ओढ्यापर्यंत येऊन बघू शकायचे. पूर्वेकडच्यांना पलीकडे हात हलवून साधा नमस्कार करायलाही बंदी होती. समोरच्या घरात नातेवाईक असला तरी! भिंत ओलांडून पळून जाण्यात यश आलं ते एकाच माणसाला. १९७३ मध्ये त्याने गाडी भिंतीजवळ आणली, शिडी लावली आणि पलीकडे उतरला.

फेब्रुवारी १९८३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) इथं आले होते. बर्लिनमध्ये केनेडींनी 'मी बर्लिनकर' असं म्हटलं होतं, त्याच धर्तीवर बुश यांनी स्वतःला म्योडलारॉइटकर म्हणवून घेतलं.

९ नोव्हेंबर १९८९ ला बर्लिनची भिंत उघडली, पण इथल्या लोकांना आणखी एक महिना थांबावं लागलं. ९ डिसेंबरला पायी जाण्यापुरती वाट उघडली. ३७ वर्षं समोर असूनही न भेटलेली माणसं भेटली. १७ जून १९९० ला यंत्र लावून भिंत पाडण्यात आली. आठवण म्हणून साधारण १०० मीटरचा तुकडा मुद्दाम ठेवलाय. तो, पहाऱ्याचा मनोरा आणि कुंपणाचे भाग आता तिथल्या संग्रहालयात पाहता येतात. २०१५ मध्ये जर्मन टीव्हीवर आलेल्या 'टानबाख' या मालिकेमागेही याच गावाची प्रेरणा होती.

गंमत म्हणजे गाव अजूनही एका प्रशासनाखाली नाही. १८१० ची हद्द कायम आहे, फक्त ती पुन्हा राज्यांची हद्द झालीय. अर्धं गाव बव्हेरियातल्या ट्योपेनमध्ये, अर्धं थुरिंगियातल्या गेफेलमध्ये. दोन महापौर, दोन पिनकोड, फोनचे दोन कोड आणि गाड्यांच्या वेगळ्या नंबरप्लेट. भेटल्यावर एका बाजूचे 'ग्र्युस गॉट' म्हणतात, दुसऱ्या बाजूचे 'गुटन टाग'. ओढ्यावरून मात्र आता कुणीही, कधीही जाऊ शकतं.