विदर्भाचे रणजी कर्णधार

रणजी करंडक क्रिकेट स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत विदर्भाचे नेतृत्व करणारे खेळाडू. गोंदियासह पूर्व महाराष्ट्राचा हा संघ १९५७–५८ मध्ये स्पर्धेत उतरला. अंतिम फेरी गाठण्यास त्याला साठ वर्षे लागली. फैज फझल यांच्या नेतृत्वाखाली त्याने इंदूर येथे दिल्लीस ९ गडी राखून (२०१७–१८) व नागपूर येथे सौराष्ट्रास ७८ धावांनी (२०१८–१९) हरविले. पहिल्या अंतिम सामन्यात १३३ धावा काढणारे यष्टिरक्षक अक्षय वाडकर पुढे कर्णधार झाले. २०२४ मध्ये मुंबईविरुद्ध विजयासाठी ५३८ धावा हव्या असताना त्यांनी १०२ धावा काढल्या, तरी संघ १६९ धावांनी पराभूत झाला. २०२५ मध्ये नागपूर येथील केरळविरुद्धचा सामना अनिर्णित राहिला. परंतु पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीमुळे करंडक वाडकरांच्या संघास मिळाला.