काशी-प्रयागची मागणी

१. काशी (वाराणसी) आणि प्रयाग ही तीर्थक्षेत्रे अयोध्येच्या नवाबाकडून सोडवावीत, हे पेशव्यांचे जुने ध्येय. १७५९ मध्ये नानासाहेबांनी शिंद्यांना लिहिलेल्या पत्रांतही ते आढळते. पुढच्याच वर्षी अफगाण बादशहा अब्दालीविरुद्ध नवाब शुजाउद्दौल्याची मदत, निदान तटस्थता, हवी झाली; पण ज्याचा मुलूख मागायचा त्याच्याशीच स्नेह जोडायचा, हा पेच सुटला नाही. रोहिला सरदार नजीबखानाने शुजाला अब्दालीकडे वळवले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर शुजा मराठ्यांविरुद्ध उभा होता. ध्येय उदात्त होते. युद्धकाळात त्याला मुत्सद्देगिरीची जोड अपुरी पडली. १७७५ मध्ये काशी इंग्रजांकडे गेली. तेथे ज्ञानवापी मशिदीशेजारी विश्वनाथाचे आजचे मंदिर पुढे अहिल्याबाई होळकरांनी बांधले, तेही तलवार न उपसता.