डॉल्बी नावाचा माणूस आणि आपल्या हॉलमधला वूफर

आजचा भाग एका शब्दावर आहे. डॉल्बी.

आमच्या मलकापुरात कुणालाही विचारा, डॉल्बी म्हणजे काय. (हे कराडला चिकटून, हायवेवर वसलेलं मलकापूर. बुलढाण्याचं वेगळं, शाहूवाडीतलं वेगळं.) समोरचा माणूस ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत डोळ्यांसमोर आणेल. डॉल्बीची सुपारी दिली, डॉल्बी वाजला, डॉल्बी बंद केला, असंच आपण बोलतो. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत हा शब्द कंपनीचा राहिलेलाच नाही. आणि तोच शब्द साउंडबारच्या खोक्यावरही छापलेला असतो. हा भाग ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी दिवाळीच्या सेलमध्ये असलं एखादं खोकं कार्टमध्ये टाकून ठेवलं असेल. म्हणून म्हटलं, विकत घ्यायच्या आधी हे नाव आलं कुठून ते ऐका.

रे डॉल्बी हा अमेरिकन इंजिनिअर. जन्म १९३३चा. कॉलेजात असतानाच तो अँपेक्स कंपनीच्या पहिल्या व्हिडिओ रेकॉर्डरवर काम करत होता. मग केंब्रिजला जाऊन डॉक्टरेट केली आणि १९६३ साली तो आला थेट भारतात. युनेस्कोचा सल्लागार म्हणून, चंदीगडच्या वैज्ञानिक उपकरण संस्थेत. दोन वर्षं राहिला. टेपवर रेकॉर्डिंग केलं की मागे जी बारीक 'स्स्स' अशी खरखर येते, ती घालवायची कशी हा विचार इथल्या मुक्कामातच त्याच्या डोक्यात पक्का झाला, असं सांगतात. १९६५ला लंडनला जाऊन त्याने स्वतःची प्रयोगशाळा काढली.

हे १९६३ साल आपल्यासाठी मोठं गंमतीचं आहे. त्याच वर्षी फिलिप्सने बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट पहिल्यांदा लोकांसमोर मांडली. आणि त्याच वर्षी आकाशवाणीचं सांगली केंद्र सुरू झालं. या तिघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण पुढची वीस-पंचवीस वर्षं आपल्या घरातला आवाज या तिघांनी मिळून घडवला.

डॉल्बीची युक्ती सोपी होती. गाण्यातले मोठे आवाज खरखरीला झाकून टाकतात, त्रास होतो तो हळू आवाजाच्या जागी. मग रेकॉर्ड करतानाच ते हळू, बारीक आवाज मुद्दाम वर उचलायचे, आणि वाजवताना तेवढेच खाली आणायचे. ते खाली येताना टेपची खरखरही सोबत खाली जाते. म्हणजे या माणसाने नाव कमावलं ते आवाज वाढवून नाही. हळू वाजलेलं नीट ऐकू यावं, एवढ्यासाठी त्याने खटपट केली. आता हे विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रॉलीसमोर उभं राहून कुणाला सांगून बघा.

इकडे आपल्या घरांत काय होतं? सुरुवातीला बहुतेकांच्या घरात काहीच नव्हतं. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने दीडशे गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं चालवली. त्यात उत्तर सातारा जिल्हाही होता. गावात एक सेट, भोवती पंधरा-वीस माणसं. ऐकायचं आणि मग त्यावर बोलायचं. घरी रेडिओ घेतला तर पोस्टात जाऊन दरवर्षी लायसन्स फी भरावी लागे. सत्तरीत ती पंधरा रुपये होती. लायसन्सचं पुस्तक तपासायला माणूस यायचा, नसेल तर दंड. ही भानगड १९८४ला बंद झाली. आज मोबाईलच्या स्पीकरला कुणी लायसन्स मागितलं तर?

मग टू-इन-वन आला, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट एकाच खोक्यात. माझ्या मते आपलं पहिलं 'ऑल-इन-वन' हेच. मुंबईत गिरणीत किंवा गोदीत असलेला घरातला माणूस सुट्टीला येताना तो घेऊन यायचा, आणि त्या रात्री आळी ओट्यावर जमायची. १९८७ला रामायण लागलं तेव्हा लोक टीव्हीभोवती जमले, पण त्या जाडजूड पेटीचाही स्पीकर ऐकण्यासारखा असायचा. पेटीत जागा होती ना!

थिएटरात मात्र वेगळंच चाललं होतं. १९७७च्या 'स्टार वॉर्स'ने डॉल्बी स्टिरिओ गाजवलं. १९९२च्या 'बॅटमॅन रिटर्न्स'पासून डॉल्बी डिजिटल आलं, म्हणजे ५.१. पाच स्पीकर आणि एक वूफर. समोर डावा-उजवा, पाठीमागे दोन, आणि मध्ये एक. हा मधला सर्वात महत्त्वाचा, कारण सिनेमातले बहुतेक संवाद त्यातून येतात. नव्वदीत आपल्याकडच्या थिएटरांच्या जाहिरातीत हा शब्द ठळक छापला जाऊ लागला. तिथून तो रस्त्यावर उतरला असावा, हा माझा अंदाज. मोठा आवाज म्हणजे डॉल्बी, असं समीकरण झालं.

डीव्हीडी आली आणि ५.१ घरात शिरलं. मोठ्या कंपन्यांचे सेट महाग, मग दोन-तीन हजारांत मिळणारे सेट आले. एक वूफर, चार किंवा पाच डबे, यूएसबी, मेमरी कार्ड, एफएम, रिमोट. खोक्यावर हजारो वॅट 'पीएमपीओ' लिहिलेलं. हा आकडा क्षणभराच्या धक्क्याचा, म्हणजे जवळपास थापच. खरा आकडा आरएमएस, आणि तो बहुतेक वेळा दोन आकडीच. शिवाय फोनवरून ब्लूटूथ लावलं की आवाज दोनच वाटांनी येतो. मागच्या डब्यांना पुढचंच उष्टं मिळतं. तसेही आपण ते मागे लावतोच कुठे? वायर पुरत नाही, म्हणून पाचही डबे शोकेसमध्ये एका रांगेत, वर क्रोशाचा रुमाल. वूफर कोपऱ्यात. कोपऱ्यात बेस फुगतो, आणि आरसीसीच्या इमारतीत तो भिंतींतून थेट वरच्या मजल्यावर पोचतो. आपल्याला सिनेमा, त्यांना नुसतं घुमणं.

आता टीव्ही पाटीइतका पातळ झाला. स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले. म्हणून साउंडबार. आमच्या घरी तो आला तो आजीमुळे. तिला मालिकेतलं बोलणं कळत नव्हतं, आणि आवाज वाढवला की पार्श्वसंगीताने दचकायची. मी तीन दिवस बेस वाढवून कौतुक करत होतो आणि ती तीन दिवस "काय म्हणाली रे ती?" विचारत होती. मग रिमोटवर संवाद स्पष्ट करणारं बटण सापडलं. काही यंत्रांत 'नाइट मोड'ही असतो. मोठा आवाज दाबायचा, हळू आवाज उचलायचा. युक्ती ओळखीची वाटली ना?

रस्त्यावरच्या डॉल्बीचा हिशेब वेगळा आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. २०१४च्या गणेशोत्सवात साताऱ्यात मिरवणूक चालू असताना भिंत कोसळून तीन माणसं गेली, आणि बोट डॉल्बीकडे दाखवलं गेलं. त्यानंतर डॉल्बीमुक्त गणेशोत्सवाची भाषा आपल्याकडे जोरात सुरू झाली. रे डॉल्बी त्याच्या आदल्याच वर्षी वारला होता. आपल्या नावावर इथे बंदी मागतायत हे त्याला कुणी कळवलं नसावं.

एक शेवटचं. घरात माळ्यावर जुना कॅसेट डेक पडला असेल तर काढून बघा. त्यावर 'डॉल्बी एनआर' असं एक छोटं बटण सापडू शकतं. आपल्याकडे ते कुणी दाबायचं नाही. बाजारातल्या स्वस्त कॅसेटींवर ती प्रक्रिया केलेलीच नसायची, त्यामुळे बटण दाबलं की गाणं मंद व्हायचं, आणि घरातलं कुणीतरी ओरडायचं, "ए, आवाज का कमी केलास?"