विद्युत्‌घट आणि सावधगिरी

विद्युत्‌घटाचा इतिहास शोधांचा, तसाच सावधगिरीचाहि आहे. इ. स. १८०० मध्यें व्होल्टानें चांदी व जस्त यांच्या चकत्या रचून अखंड प्रवाह मिळविला. परंतु हायड्रोजनचे बुडबुडे सांचून तो मंदावे. १८३६ सालीं डॅनियलनें मोरचुदाच्या द्रावणानें हा दोष घालविला. १८४१ सालीं बुन्सेननें अधिक जोरकस घट केला. पण त्यांतील नत्राम्लामुळें विषारी तांबूस धूर निघे.

मी शिकवीत असतांना एका विद्यार्थ्यानें तीव्र गंधकाम्लांत पाणी ओतलें. अम्ल उसळलें, डोळे थोडक्यांत बचावले. दोष माझा. नियम फळ्यावर लिहिला होता, कारण सांगितलें नव्हतें. पाणी पडतांच एवढी उष्णता निघते कीं, तें जागींच उकळतें. म्हणून अम्लच पाण्यांत थोडथोडें, ढवळीत घालावें. जोडण्या तपासून मगच प्रवाह सोडावा. हायड्रोजन निघतो तेथें खिडक्या उघड्या व दिवा दूर ठेवावा.

पुण्यास १९५० सालीं राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उघडली. तेव्हांपासून उपकरणें पुष्कळ सुधारलीं. अम्लाचा स्वभाव मात्र तोच आहे. आतां वरवंडास निवृत्त होऊन बसलों, तरी शेजारचीं मुलें प्रयोगाविषयीं विचारूं लागलीं म्हणजे मी नियमाआधीं त्याचें कारण सांगतों.