सुटण्याआधीचं थांबणं : मागच्या ब्रेकचा इतिहास

(रत्नागिरी येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

 

विषय कळल्यावर एकाने मला दारातच गाठलं. म्हणाले, "अहो, रत्नागिरीत ड्रॅग रेसिंगचं काय काम? इथे सरळ रस्ता तरी आहे का कुठे?" प्रश्न रास्त आहे. म्हणून सुरुवात आपल्याच रस्त्यापासून करू.

निवळीच्या घाटात चढावर एखादा ट्रक अडकलाय. रांग थांबली आहे. तुमच्या मागे, अगदी चिकटून, एस.टी. उभी आहे. आता रांग हलते. गाडी एक वीतही मागे न जाता उचलायची आहे. काय करता तुम्ही? हँडब्रेक ओढून ठेवता, अ‍ॅक्सिलरेटर देता, क्लच हळूहळू सोडता. इंजिनाने ओढ घेतली, गाडी जरा अंग ताठ करते आहे असं जाणवलं, की हँडब्रेक खाली. गाडी निघाली. बरोबर?

आता, हँडब्रेक बहुतेक गाड्यांत फक्त मागच्या चाकांना असतो. म्हणजे इंजिन पुढे ढकलतंय, मागचा ब्रेक धरून ठेवतोय, आणि ब्रेक कधी सोडायचा यात सगळं कसब. ड्रॅग रेसवाला सुरुवातीच्या रेषेवर नेमकं हेच करतो. आपण गाडी मागे घसरू नये म्हणून धरतो, तो ती पुढे सरकू नये म्हणून धरतो. एवढाच फरक.

थोडं मागे जाऊ. सुरुवातीच्या बहुतेक मोटारींना पुढच्या चाकांवर ब्रेकच नव्हते. फोर्डची मॉडेल टी, १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी गाड्या बनल्या. तिचा पायाचा ब्रेक गिअरच्या पेटीत आणि हाताचा दांडा मागच्या चाकांवर. पुढे काही नाही. लोकांना भीती वाटायची की पुढचं चाक दाबलं तर गाडी उलटेल. १९२० च्या दशकात चारही चाकांचे ब्रेक आले, तेव्हा काही गाड्यांच्या पाठीमागे तशी सूचना लावलेली असे. अर्थ असा, की बाबा रे, ही गाडी पटकन थांबते, अंतर ठेव.

ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो. त्यामुळे पुढच्या टायरची पकड वाढते, मागच्याची कमी होते. हे कळलं तसा पुढचा ब्रेक थोरला झाला आणि मागचा धाकटा. पुढे तर मागच्या ब्रेकचा दाब मुद्दाम कमी करणारा व्हॉल्व्हही बसू लागला. या व्हॉल्व्हकडे मी शेवटी परत येणार आहे, तेवढा लक्षात ठेवा.

आता कॅलिफोर्निया. तिथल्या कोरड्या तळ्यांच्या सपाटीवर तरुण मुलं जुन्या फोर्ड गाड्या पळवत. दुसऱ्या महायुद्धानंतर हा नाद वाढला, रस्त्यावर आला, माणसं मरू लागली. तेव्हा काही जाणत्यांनी ठरवलं की याला जागा आणि नियम देऊ. १९५० मध्ये सांता आना इथे एका विमानतळाच्या धावपट्टीवर तिकीट लावून शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. अंतर पाव मैल, म्हणजे साधारण ४०० मीटर. दोन गाड्या शेजारी शेजारी, जो आधी पोचेल तो जिंकला.

पण सुटायचं कसं? सुरुवातीला एक माणूस झेंडा घेऊन उभा राहायचा. आपल्याकडच्या बैलगाडा शर्यती आठवा. झेंडा पडेपर्यंत बैलांना तोंडाशी धरून उभी असलेली माणसं, आणि मग कोण आधी सुटला यावरून होणारे वाद. तेच तिथे. झेंडेवाल्याच्या खांद्याची हालचाल बघून लोक आधीच निघायचे.

१९६३ मध्ये यावर उपाय आला. दोन्ही गाड्यांच्या मधे दिव्यांचा खांब. रंगीत दिव्यांमुळे त्याला 'ख्रिसमस ट्री' म्हणतात. रस्त्यावर आडवे दोन प्रकाशकिरण, एकमेकांपासून फक्त सात इंचांवर. पुढच्या चाकाने पहिला किरण अडवला की गाडी रेषेजवळ आली, दुसरा अडवला की रेषेवर आली. याला स्टेजिंग म्हणतात. मग पिवळे दिवे, मग हिरवा. हिरव्याच्या आधी चाक किरणाबाहेर गेलं तर लाल दिवा, शर्यत गेली. माणसाचा डोळा गेला, यंत्राचा डोळा आला. इंचाइंचाचा हिशेब सुरू झाला.

आणि इथे आपला धाकटा भाऊ, मागचा ब्रेक, पुन्हा महत्त्वाचा झाला.

ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत क्लचचा पेडल नसतो. चालक डाव्या पायाने ब्रेक दाबतो आणि उजव्याने इंजिनाचा वेग चढवतो. जितका जास्त चढवाल तितकी सुटताना उसळी मोठी. पण इंजिन तर मागची चाकं फिरवायला बघतंय! पुढचे ब्रेक कितीही चांगले असले तरी ते त्या चाकांना धरू शकत नाहीत. मागचा ब्रेक कमी पडला तर दोनांपैकी एक होतं : मागची चाकं जागेवरच फिरतात, किंवा गाडी पुढचे टायर ढकलत किरणाबाहेर सरकते. ड्रॅगच्या गाडीचे पुढचे टायर अगदी अरुंद असतात, ते कितीसे धरणार?

मग मेकॅनिकांनी काय केलं? मागे मोठे ड्रम किंवा डिस्क बसवल्या. ड्रमचे शू अगदी जवळ आणून अ‍ॅडजस्ट केले. ड्रमची एक गंमत आहे : चाक फिरू लागलं की शू आपोआप आणखी घट्ट ओढला जातो. धरायला उत्तम. पण तो सुटलाही पाहिजे, आणि तोही क्षणात. स्प्रिंग ढिली असेल, शू घासत राहिला, तर धरून कमावलेलं सुटताना गमावलं. म्हणजे ब्रेकची परीक्षा दुहेरी : धरण्यात आणि सोडण्यात.

नंतर ट्रान्सब्रेक आला. तो गिअरबॉक्समध्येच गाडी अडवून ठेवतो, बटण सोडलं की गाडी सुटते. तरी पायाच्या ब्रेकवर सुटणाऱ्यांचे वेगळे वर्ग आजही आहेत. आणि सर्वांत वेगवान टॉप फ्युएल गाड्यांना ब्रेक फक्त मागेच असतात, थांबायला जोडीला पॅराशूट. २००८ मध्ये स्कॉट कलिटा हा चालक पात्रता फेरीतल्या धावेच्या शेवटी गाडी न थांबल्याने गेला. त्यानंतर या गाड्यांचं अंतर १००० फुटांवर आणलं. सुटण्याचं शास्त्र थांबण्याच्या पुढे गेलं की काय होतं, ते यात दिसतं.

आपल्याकडे चेन्नईजवळ शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर अनेक वर्षं शर्यती झाल्या. अलीकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या शर्यती होतात. म्हणजे मराठी मुलांना हा खेळ परका राहिलेला नाही. गॅरेजमध्ये त्याची चर्चा चालते, व्हिडिओ बघितले जातात.

म्हणून आता तो व्हॉल्व्ह. स्टेजिंगसाठी काही जण तो काढून टाकतात, म्हणजे मागच्या ब्रेकला पूर्ण दाब मिळतो. पट्टीवर चालेल. पण तीच गाडी जुलै महिन्यात आंबा घाट उतरते तेव्हा? उतारावर भार आधीच पुढे, रस्ता ओला, वळणावर ब्रेक दाबला. मागचं चाक आधी अडकतं. पुढचं चाक अडकलं तर गाडी सरळ घसरते, मागचं अडकलं तर गाडी फिरते. तोंड दरीकडे की डोंगराकडे, हे तुमच्या हातात राहत नाही.

तो व्हॉल्व्ह कुणा इंजिनिअरने कंजुषी म्हणून बसवलेला नाही. चार चाकी ब्रेक आल्यापासून लोक जे शिकले, ते त्या पितळेच्या तुकड्यात आहे. ज्यांनी ड्रॅगचा खेळ उभा केला त्यांनीही पहिलं काम हेच केलं, शर्यत रस्त्यावरून उचलून धावपट्टीवर नेली. आपण त्यांचा ब्रेक घेणार असू तर त्यांची ती शिस्तही घ्यायला हवी. पट्टीची गाडी ट्रेलरवरून पट्टीवर न्या, आणि घाटाची गाडी घाटासारखीच राहू द्या.

आज घरी जाताना चढावर थांबलात, तर हँडब्रेक सोडण्याआधीचा तो एक क्षण जरा लक्ष देऊन अनुभवा. शंभर वर्षांचा इतिहास त्या दांड्यात आहे. प्रश्न असतील तर विचारा.