उवा, लिखा आणि आजीची फणी

परवा धाकट्या बहिणीचा अमेरिकेतून फोन आला. आवाज इतका दबका की मला वाटलं काहीतरी भलतंच झालंय. "ताई, कुणाला सांगू नकोस हं... छोटीच्या डोक्यात उवा झाल्यात." मी हसले, ती चिडली. (इथे लिहायची परवानगी घेतली आहे. मावशी, काळजी करू नकोस, उवा गेल्या :))

मी विचारलं, शाळेने काय केलं? काही नाही म्हणे. दिवसभर वर्गात बसू दिलं, संध्याकाळी चिठ्ठी दिली. तिकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० सालीच सांगितलं होतं की उवांसाठी धडधाकट मुलाला शाळेतून घरी पाठवू नये. हे ऐकलं आणि मला चौथीचा वर्ग आठवला. ते शेवटी सांगते. आधी चार दिवस उवांचा जो नाद लागला होता त्याबद्दल.

आपली 'ऊ' संस्कृत यूकेवरून आली आणि 'लीख' लिक्षेवरून. पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ही दोन्ही चक्क मापं आहेत! आठ लिक्षांची एक यूका, आठ यूकांचं एक यवमध्य म्हणजे जवाची जाडी, आणि आठ यवमध्यांचं एक अंगुल. म्हणजे बोटाच्या रुंदीत ५१२ लिखा. हिशेबाने ही ऊ फारच बारीक पडते, खरी ऊ तिळाएवढी असते. पण माप म्हणून ती घ्यावीशी वाटली, यावरून ती किती घरोघरची होती ते कळतं.

तिळाचीच उपमा चरकाने दिली आहे. विमानस्थानात बाहेरचे कृमी सांगताना तो म्हणतो की हे तिळाच्या आकाराचे, पुष्कळ पायांचे, केसांत आणि कपड्यांत राहणारे, खाज आणणारे. उपायांत पहिला उपाय 'अपकर्षण', म्हणजे ओढून काढणं. लेप, काढे नंतर. इथपर्यंत आमची आजी आणि चरक एकाच मताचे. पण कारण काय देतो? अंग स्वच्छ न ठेवणं. अंगावरच्या, कपड्यांतल्या उवांपुरतं ते खरंही आहे. डोक्यातल्या उवेला मात्र केस धुतलेले की मळलेले याने काही फरक पडत नाही. तिला उडता येत नाही, उडी मारता येत नाही. डोक्याला डोकं लागलं की ती चालत पलीकडे जाते, बस. म्हणजे एकमेकींच्या कानात गोष्टी सांगणाऱ्या मुलींची पंचाईत.

आता फणीबद्दल. इस्राएलमध्ये लाखीश नावाच्या प्राचीन नगराच्या उत्खननात २०१६ साली एक हस्तिदंती फणी सापडली. साडेतीन सेंटिमीटर लांब, अडीच रुंद. एका बाजूला सहा जाड दात, गुंता सोडवायला. दुसऱ्या बाजूला चौदा बारीक, उवा-लिखा काढायला. पाच वर्षं ती तशीच पडून होती. २०२१च्या अखेरीस तिच्यावर बारीक अक्षरं कोरलेली दिसली आणि २०२२ मध्ये वाचन प्रसिद्ध झालं. कनानी लिपीतली सतरा अक्षरं, सात शब्द. त्या लिपीत लिहिलेलं हे आजवर सापडलेलं पहिलं पूर्ण वाक्य, काळ अंदाजे इ.स.पू. १७००. आणि वाक्य काय, तर या दाताने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघून जावोत! दातांत उवेचे अवशेषही मिळाले. हत्ती त्या मुलखात नव्हते, हस्तिदंत बाहेरून आणलेलं, म्हणजे फणी कुणा श्रीमंताची. त्याच्याही डोक्यात उवा होत्याच की. मला भारी बरं वाटलं हे वाचून.

आजीची फणी लाकडी होती, काळी पडलेली, दोन्ही बाजूंना दात. तिच्या लग्नातल्या फणेरपेटीत आलेली. करंडा-फणी सौभाग्याच्या वाणात असते, देवीच्या ओटीबरोबर ठेवतात, पण ती मुळात कशासाठी हे कुणी बोलत नाही. आजी बुधवारी आणि रविवारी मागच्या पडवीत जुना वर्तमानपत्राचा कागद पसरायची, डोकं तेलाने थबथबवायची आणि फणी घालायची. निघालेली ऊ नखावर टच्चकन.

शेजारी इतर उपायही चालायचे. रॉकेल लावायचे (चुलीजवळ!), सीताफळाच्या बियांची पूड लावायचे. ती पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला जखम होते. आजी दोन्हीच्या विरुद्ध होती. मग पावडरींचा जमाना आला. डीडीटी कीटक मारते हे पाउल म्युलरने १९३९ साली शोधलं आणि १९४८ साली त्याला नोबेल मिळालं. १९४३-४४च्या हिवाळ्यात नेपल्समध्ये टायफसची (टायफॉइडची नव्हे) साथ आली, तेव्हा दहा लाखांहून जास्त माणसांच्या कपड्यांत अशा पावडरी फवारून ती आटोक्यात आणली. टायफस उवेमुळे पसरतो हे शार्ल निकोलने १९०९ साली ट्यूनिसमध्ये दाखवलं होतं. पण ती ऊ अंगावरची, कपड्यांच्या शिवणीत राहणारी. डोक्यातली ऊ खाजवण्यापलीकडे फारसं काही करत नाही. भीती मात्र दोघींची एकच झाली.

उवाही वस्ताद. १९५०-५१ मध्ये कोरियातल्या युद्धात सैनिकांच्या अंगावरच्या उवा डीडीटीला दाद देईनात. पुढे डोक्यासाठी परमेथ्रिन आलं, १९९०च्या दशकात अनेक देशांत उवा त्यालाही सरावल्या. मग इंग्रज डॉक्टर फणीकडे वळले. २००० साली वेल्समधल्या शाळकरी मुलांवर केलेल्या चाचणीत औषध जिंकलं: मॅलॅथिऑनने ७८ टक्के मुलं बरी, फणीने ३८. पण २००५ साली ब्रिटनमध्येच दुकानात मिळणारी औषधं आणि सुधारलेली फणी यांची तुलना झाली, तेव्हा फणीने ५७ टक्के आणि औषधांनी फक्त १३! रीत अशी: ओल्या केसांना कंडिशनर लावायचा आणि दर चार दिवसांनी, दोन आठवड्यांत चार वेळा फणी घालायची. लीख फुटायला आठवडाभर लागतो, निघालेलं पिल्लू अंडी घालण्याजोगं व्हायला साधारण तितकेच दिवस. त्याच्या आत त्याला गाठायचं. बुधवार आणि रविवार!! आजीला हे कुणी सांगितलं होतं देव जाणे.

असो. चौथीचा वर्ग.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या वर्गात एक नवीन मुलगी आली. बाई तिला माझ्या शेजारी बसवत. आठ-दहा दिवसांनी बाईंनी सगळ्यांची डोकी बघायला घेतली, पहिल्या बाकापासून. तिच्या डोक्यात उवा दिसल्या. सगळ्यांसमोर तिला दप्तर घेऊन घरी पाठवलं. पुढचं डोकं माझं होतं, पण त्या गडबडीत बाईंनी ते बघितलंच नाही. दोन दिवसांनी ती आली ती डोक्याला रुमाल बांधून. गुडघ्यापर्यंतची वेणी गेली होती, पार चकोट. मला दुसऱ्या बाकावर हलवलं.

त्या रविवारी आजीने माझ्या डोक्यातून अकरा उवा काढल्या. "त्या नव्या पोरीच्या आल्या," आई म्हणाली.

आता या वाचनात एक गोष्ट कळली. पहिल्यांदाच उवा झाल्या असतील तर खाज सुटायलाच चार ते सहा आठवडे लागू शकतात. मी दिवाळीत मामाकडे असताना डोकं खाजवत होते, मामी त्यावरून ओरडलेली मला आठवते. तेव्हा ती मुलगी आमच्या गावात आलीसुद्धा नव्हती.

बहिणीला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "अय्या, आणि आम्ही अजून तिलाच नावं ठेवतो." घरात सगळेच ठेवायचे. मीही.