राजमुकुट आणि प्रायश्चित्त : सम्राट थिओडोशियस व बिशप अँब्रोज

१/ इ.स. ३९०. रोमन सम्राट थिओडोशियस याने मिलानच्या चर्चमध्ये राजचिन्हे उतरवून, सर्वांदेखत अश्रू ढाळत पापाची क्षमा मागितली. ज्याच्या शब्दावर माणसे जगत-मरत होती, त्याच्यावर ही वेळ का आली? सत्ताधाऱ्याच्या गर्वाविषयीचा ख्रिस्ती विचार या प्रसंगात स्पष्ट दिसतो.

२/ घटनेचे मूळ थेसालोनिकी शहरात होते. तेथील सेनाधिकारी बुथेरिक याने एका लोकप्रिय रथचालकाला कैदेत टाकले. त्याची सुटका होत नाही हे पाहून जमाव खवळला आणि दंगलीत बुथेरिक मारला गेला. संतापलेल्या सम्राटाने शहराला शासन करण्याचा हुकूम सोडला.

३/ सैनिकांनी दोषी-निर्दोष असा भेद केला नाही. पाचव्या शतकातील इतिहासकार थिओडोरेट मृतांची संख्या ७,००० देतो. सम्राटाने हुकूम मागे घेतला खरा. पण तोवर फार उशीर झाला होता.

४/ मिलानचा बिशप अँब्रोज हा स्वतः पूर्वी प्रांताधिकारी होता. दरबाराची रीत तो जाणत होता. आजारपणाचे निमित्त करून तो शहराबाहेर गेला आणि त्याने सम्राटाला स्वहस्ते एक खाजगी पत्र लिहिले : आपण उपस्थित असाल, तर मी मिस्सा अर्पण करू शकत नाही.

५/ पत्रात दाखला होता दावीद राजाचा. नाथान संदेष्ट्याने पाप दाखवून देताच दावीदाने ते कबूल केले. अँब्रोजचा रोख असा : राजाही माणूस आहे, त्याच्याकडून पाप घडते, परंतु ते मान्य करण्यास नकार देणारा गर्व त्याहून घातक.

६/ थिओडोशियस नमला. काही महिन्यांच्या प्रायश्चित्तानंतर नाताळच्या सुमारास त्याला पुन्हा प्रभुभोजनात स्थान मिळाले. मृत्युदंडाची अंमलबजावणी ३० दिवस थांबवणारा कायदाही परंपरेने याच घटनेशी जोडला गेला. बिशपने सम्राटाला चर्चच्या दारातच अडवल्याचे चित्र मात्र नंतरच्या कथेतील आहे.

७/ पुढे संत ऑगस्टीनने ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथात या नम्रतेचा गौरव केला. त्याच्या मते गर्व हे पापाचे मूळ, कारण त्यात मनुष्य ईश्वराला सोडून स्वतःलाच केंद्रस्थानी बसवतो. राजाला हा धोका अधिक, कारण त्याच्याभोवती होकार देणारेच फार असतात.

८/ परंतु कथेला दुसरी बाजू आहे. ३८८ मध्ये युफ्रेटिसकाठच्या कॅलिनिकम येथे ख्रिस्ती जमावाने यहुद्यांचे सभास्थान जाळले. तेथील बिशपने ते पुन्हा बांधून द्यावे, असा सम्राटाचा आदेश होता. अँब्रोजने भर चर्चमध्ये दबाव आणून तो रद्द करवला. येथे न्याय सम्राटाच्या बाजूने होता.

९/ म्हणजे दोन वर्षांच्या अंतराने तोच बिशप, तेच धर्मपीठ आणि तेच शस्त्र. एकदा निरपराधांसाठी, एकदा अपराध्यांसाठी. सम्राटाला नाथान भेटला, पण अँब्रोजला त्या दिवशी कोणी भेटला नाही. गर्वाचा धोका मुकुटाला जितका असतो, तितकाच मुकुटाला नमवणाऱ्या हातालाही असतो.